वरची झाडं, खालचं आलं

६ जुलै

धाकटे,

मंगळवारी सकाळी देवापुढे दिवा लावून मी नेहमीसारखा फावडं खांद्यावर टाकून बागेत गेलो. आल्याला भर लावायची होती. रोपं वीतभर वर आली आहेत, पावसाने वाफ्यांच्या कडा खचल्या आहेत. या दिवसांत बुडाशी माती ओढून दिली नाही तर कंद उघडे पडतात. मी खाली वाकलेला. वर पाहिलं तर फणसाच्या पलीकडे एक अनोळखी माणूस सागाच्या बुंध्याला मिठी मारून उभा. क्षणभर वाटलं, डोकं फिरलेलं असावं. मग त्याच्या हातातली फीत दिसली. घेर मोजत होता.

कोण तुम्ही, म्हणून विचारलं. म्हणाला, वखारवाला आहे, लाकूड बघायला आलोय, मालकिणीने पाठवलंय. मी म्हटलं, मालकीण घरात स्वयंपाक करतेय, तिने कुणाला पाठवलेलं नाही. तर म्हणतो कसा, "त्या नव्हे हो. झाडांच्या मालकीण. शहरातल्या."

माझ्या हातात माझं फावडं, पायाखाली माझी माती, आणि एक परका माणूस मला सांगतोय की डोक्यावरचं सगळं दुसऱ्याचं आहे. मी त्याच्या हातातून फीत घेतली, नीट गुंडाळली, त्याच्या खिशात घातली आणि त्याला बांधापर्यंत पोचवलं. शिवी दिली नाही. देवाचं नाव घेऊन घराबाहेर पडलो होतो म्हणून, नाहीतर दिली असती.

फोन करणार होतो. पण फोनवर मी चिडलो की मला शब्द सुचत नाहीत आणि तुला जास्तच सुचतात. म्हणून लिहितोय.

वडिलांनी काय ठरवलं ते मला शिकवायची गरज नाही. जमीन मुलाला, तिच्यावरची झाडं मुलीला. आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, कागदावरही तसंच केलं. आंबा, फणस, साग, सगळं तुझं. दरवर्षी आंबे-फणस तुझ्याकडे पोचते होतात की नाही? एका वर्षी तरी चुकलो? पण सावलीबद्दल वडील काही बोलले नव्हते, कारण तेव्हा ती नव्हतीच. साग म्हणजे नुसते उभे सोटे होते, डोक्यावर चार पानं. त्यांच्याखाली आलं लावलं असतं तर भाजून गेलं असतं. मी शिडी लावून एकेकाचा शेंडा मारला, तेव्हा कुठे ते बाजूंनी फुटले, पसरले, छत्र्यांसारखे झाले. अजूनही दरवर्षी लागवडीआधी वर चढतो. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, ते खालून आणि वरून दोन्हीकडून बघतो, म्हणजे ऊन चाळणीतून पडावं तसं खाली येतं. सावली दाट झाली तर नुसता पाला वाढतो, विरळ झाली तर पानं करपतात. माझी अर्धी हयात त्या शिडीवर गेली. झाडं तुझी असतील. सावली मी केलेली आहे.

ही कल्पना तुझ्या डोक्यातली नाही हे मला कळतं. आमच्या मेहुण्यांना घड्याळं दुरुस्त करता करता सगळंच खोलून बघायची सवय लागली असावी. त्यांना सांग, काही गोष्टी खोलल्या की परत बसत नाहीत.

आणि तुला झाडं पाडायचीच असतील तर खुशाल पाड. पण एकही झाड माझ्या जमिनीवर पडता कामा नये. ते कसं जमवायचं ते तुझ्या वखारवाल्याला विचार.

दादा

१७ जुलै

दादा,

तुझं पत्र दुकानात आलं आणि मी ते गिऱ्हाइकासमोर फोडलं, ही चूक झाली. बाईंच्या बाहीला टाचण्या लावत होते. दुसऱ्या पानावर त्यांना टाचणी टोचली. त्या परत येतील असं वाटत नाही.

आधी तुझ्या मेहुण्यांचं. यांना यातलं अवाक्षर माहीत नाही. वखारवाला मी शोधला, त्याच्याशी मी बोलले, त्याला पत्ता मी दिला. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट आपली आपण येऊ शकते, हे तुला या जन्मी पटणार आहे का? मी रडले की नवऱ्याने रडवलं, मी हसले की नवऱ्याने हसवलं, आणि मी माझी झाडं विकायला काढली तर तेही त्यांनीच. ते बिचारे भिंगातून डोळा काढत नाहीत.

आता कारण. विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं. मी ज्या गाळ्यात शिवणाचं दुकान चालवते तो मालकाला परत हवाय, मुलासाठी. मागच्या गल्लीत एक लहानसा गाळा विकायला आहे. साग विकून तो घ्यायचा, मग मला कुणी ऊठ म्हणणार नाही, एवढंच माझ्या मनात आहे. उन्हाळ्यात मी तुला फोनवर म्हणाले होते, साग विकीन म्हणते. तू म्हणालास, बघू. आपल्या घरात बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. वडीलही आईला बघूच म्हणायचे. आईने जन्मभर बघितलं.

सावली तुझी म्हणे. उद्या माझ्या आंब्यावरच्या पाखरांचीही वाटणी मागशील. ती रोपं बोटाएवढी होती तेव्हा शाळेआधी विहिरीवरून कळशी कोण आणायचं, ते जरा आठव. तू अंगणात गोट्या खेळत असायचास आणि मी जाता-येता तुझ्या गोट्यांवर मुद्दाम पाणी सांडायची. वडील म्हणाले होते, जिने पाणी घातलं तिची झाडं. म्हणून ती माझी आहेत. दानात मिळालेली नाहीत.

झाड जमिनीवर पडता कामा नये, हे वाचून मी हसले. राग आल्यावर येतं तसलं हसू.

तरी तुझं नुकसान मला करायचं नाही. आलं जानेवारीत निघेल. तोवर कुऱ्हाड लागणार नाही, हा माझा शब्द. गाळ्याच्या मालकाला तोवर कसं थोपवायचं ते माझं मी पाहीन. पण मोजणी आत्ता होऊ दे. वखारवाल्याने आकडा सांगितला की मला नव्या गाळ्याचं बोलता येईल. त्याला अडवू नकोस.

धाकटी

५ ऑगस्ट

धाकटे,

तुझा माणूस पुन्हा येऊन गेला. मी बाजारात गेलेला दिवस बरोबर हेरला. तुझ्या वहिनीने त्याला बसायला दिलं, चहा दिला, कारण तिला वाटलं, तुझ्याकडचा आहे. तो सगळ्या सागांखालून एकदा फिरला, वर बघितलं, आणि हसला. वहिनीसमोर. मग फीतसुद्धा न काढता निघून गेला.

माझ्या बागेत उभं राहून माझ्या बायकोसमोर हसायला तू माणसं पाठवतेस. मी रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून आठवडाभर थांबलो. राग उतरला नाही, म्हणून आता लिहितो.

तुझ्या दुकानाचं वाईट वाटलं. खोटं सांगत नाही. पण शहरात गाळे हजार असतील, ही बाग एकच आहे. झाडं गेली की आलंही गेलं. परत तशी सावली धरेपर्यंत मी म्हातारा होईन. तू म्हणतेस, जानेवारीपर्यंत थांबते. म्हणजे फाशीची तारीख पुढे ढकललीस आणि त्याबद्दल आभार मानायला सांगतेस.

मी पायवाटेवर काटेरी फांद्या टाकल्या आहेत. यंदा तुला आलं पाठवणार नाही. बाजारात मिळतं.

वहिनीने तुला आशीर्वाद सांगितला आहे. तिचा वेगळा आहे, माझ्या रागाशी त्याचा संबंध नाही, असं तिने मुद्दाम लिहायला सांगितलं.

दादा

१९ ऑक्टोबर

दादा,

वखारवाला का हसला ते तुला सांगायला मला इतके दिवस लागले. त्याने मला ऑगस्टातच सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या वखारीत गेले, तिथल्या माणसाला तुझ्या बागेचे फोटो दाखवले, वहिनीने पाठवलेले. तोही तेच म्हणाला.

साग सरळ वाढू द्यायचा असतो. बुंधा जितका उंच आणि बिनफांद्यांचा, तितकं त्याचं मोल. शेंडा मारला की तो बाजूंना फुटतो, बुंधा आखूड राहतो, वर सगळ्या फांद्यांचा गुंता आणि गाठी. असल्या लाकडाची ना फळी निघते ना चौकट. वखारवाल्याने मला विचारलं, "ताई, इतक्या चांगल्या सागाला शेंडे मारायची अक्कल कुणाची?" मी सांगितलं नाही. लाज वाटली. तुझी.

सरपण म्हणून नेतो म्हणाला. त्यात गाळा येत नाही. गाळ्याचा उंबराही येत नाही.

तू लिहिलं होतंस, मी शिडी लावून एकेकाचा शेंडा मारला. केवढ्या अभिमानाने लिहिलं होतंस. मी ते पत्र वाचून तुझ्याशी पाखरांवरून भांडत बसले. माझं सगळं लाकूड तू त्या एका ओळीत तोडलेलं होतंस आणि मला ते कळलंही नाही. मी काय तोडणार होते, दादा? तू काही शिल्लक ठेवलं होतंस का?

माझी झाडं वाकवून तू तुझं आलं पिकवलंस. त्यातलं शेरभर दरवर्षी मला पाठवलंस, आणि मी शेजारपाजाऱ्यांना वाटताना सांगायची, माझ्या भावाच्या बागेतलं आहे.

दुकान गेलं. मालकाच्या मुलाने एका रविवारी कुलूप बदललं. आता घरातच शिवते. यांनी आपलं टेबल भिंतीकडे सरकवून उजेडाची खिडकी मला दिली. भिंगाखालचं त्यांचं काम आता दिव्यावर चालतं. तू ज्यांना खोलून बघण्याची सवय लागली म्हणालास, तेच हे.

मला पत्र लिहू नकोस.

९ नोव्हेंबर

धाकटे,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. ते पत्र आलं त्याच दिवशी मी कपडे बदलले आणि वखारीत गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्या माणसाला बाहेर बोलवायचं आणि चारचौघांत विचारायचं की बाईमाणसाला खोटंनाटं सांगून झाडं फुकटात लाटायची आहेत का. रस्ताभर तेच घोकत होतो.

त्याने मला ओळखलं. म्हणाला, "या, फीतवाले." रागावला नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला. मी जे घोकलं होतं ते सगळं म्हणून टाकलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला आत नेलं. तिथे एक ओंडका पडला होता. मी त्याच्या एका टोकाशी उभा राहिलो तर दुसऱ्या टोकाशी उभ्या असलेल्या त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं. म्हणाला, कुणाच्यातरी बांधावरचा आहे, तुमच्या झाडांच्याच वयाचा. मी विचारलं, मालकाने याला काय काय केलं. तो म्हणाला, "काहीच नाही. विसरून गेला होता."

धाकटे, मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, कारण तो खरं बोलत होता. परत येताना वडिलांचा राग आला. एकाच तुकड्याचे वर-खाली दोन भाग करून गेले, आणि वरच्याने खालचं कसं बघायचं, खालच्याने वरचं कसं, ते सांगायचं राहून गेलं. बागेत येऊन त्याच छत्र्यांखाली बसलो. वीसेक वर्षं मी त्यांच्याकडे बघून देवाचे आभार मानत आलो होतो. त्या संध्याकाळी मान वर करवेना.

पण तुझाही राग आहे. तू दर उन्हाळ्यात येत होतीस. आंबे पिशवीत भरून नेत होतीस. एकदा वर बघितलं असतंस, एकदा विचारलं असतंस की दादा, हे असे कसे वाढलेत, तर तेव्हाच कळलं असतं. सगळा दोष माझ्या एकट्याच्या शिडीवर टाकू नकोस.

यंदाचं पीक बरं आहे. निघेल त्यातलं अर्धं तुझं. काटेरी फांद्या काढल्या आहेत.

दादा

२५ नोव्हेंबर

दादा,

वर बघितलं होतं. दरवर्षी बघायची. मला वाटायचं, साग असाच असतो. मी कपडे शिवते, मला कुठलं कळायला? आणि विचारलं नाही, कारण तू बघतोयस म्हणजे नीट असेल असं धरून चालले होते. भावावर भरवसा टाकला हाही आता माझा दोष झाला.

अर्धं आलं नको. तुझं आलं हवं असतं तर मी भांडले नसते, मागितलं असतं. पोतं पाठवलंस तर दारातून परत पाठवीन, तेव्हा हमालाचा वेळ वाया घालवू नकोस.

मला एकच विचारायचं आहे आणि त्याचं खरं उत्तर हवं आहे. लगेच नको. पहिला शेंडा मारायला तू शिडी लावलीस, त्या वेळी हे झाड धाकटीचं आहे असा विचार तुझ्या मनात आला होता का? आला होता आणि तरी मारलास, तर मी तुला चोर म्हणेन, चार वर्षं बोलणार नाही, आणि मग विसरेन. चोराला माणूस विसरू शकतो. पण विचारच आला नसेल, तर मला तुला काय म्हणायचं ते कळत नाही.

वहिनीला सांग, थंडी आहे, तिची जुनी शाल बदलून टाकावी. नवीन घेऊन काठ शिवला आहे, पाठवते. तिला. तुला नाही.

धाकटी

३१ जानेवारी

धाकटे,

नाही. विचार आला नव्हता.

बरेच दिवस आठवून पाहिलं. रोज सकाळी देवापुढे बसायचो आणि ती सकाळ शोधायचो. त्याच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तिथेच बसलो. शिडी आठवली. कोयता आठवला. पहिला शेंडा खाली पडला तेव्हा त्याची पानं केवढी मोठी वाटली होती, तेही आठवलं. मनात वाफे होते, बेणं होतं, ऊन होतं. तू नव्हतीस. आला असता विचार आणि मी तो दाबला असता, तर आज तुला तसं सांगून मोकळा झालो असतो. ते तुझ्या रागाला सोपं गेलं असतं आणि मलाही. पण तसं झालं नव्हतं. वडिलांनी सांगितलेलं मला तोंडपाठ होतं, आणि तरी ती झाडं मला कधी कुणाची वाटलीच नाहीत. आपोआप आपली वाटत राहिली.

आलं काढलं. चांगलं निघालं. सगळं विकलं, पुढच्या लागवडीचं बेणंही ठेवलं नाही. वाफे मोडून जमीन सपाट केली. तुझी वहिनी दोन दिवस बघत होती, तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, चाललंय काय. मी सांगितलं. ती म्हणाली, झाडं वाकडी केली म्हणून जमीन द्यायची, हे कुठलं गणित? आणि आपण खायचं काय? मी म्हटलं, विहिरीकडचा तुकडा आहे, भाजी होईल. ती म्हणाली, भाजी तर होईलच, सावलीत बसून आलं काढायची सवय लागलेल्या माणसाचं उन्हात काय होईल ते बघायचं. मग उठून खुंटीवरचा माझा सदरा काढला. आणि म्हणाली, "सही करायला जाशील तेव्हा धुतलेला सदरा घालून जा."

वहिनीला दिलं ते गणित तुलाही देतो. तुझा साग मी परत सरळ करू शकत नाही. त्याचं लाकूड आता कशाच्याच कामाचं नाही, त्याच्याखाली आलं चांगलं पिकतं, एवढंच त्याचं मोल उरलं आहे. ते मोल जमिनीशिवाय हाती येत नाही. खालची माती माझ्या नावावर असेल तोवर तुझी झाडं म्हणजे माझ्या आल्याच्या छत्र्याच राहतील. वडिलांनी दोन भाग केले, ते एका हातात गेले पाहिजेत. वरचं माझ्याकडे घेतलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून खालचं तुझ्याकडे.

हे तुला खूश करायला केलेलं नाही. तू दारातून पोतं परत पाठवीन म्हणालीस, त्याचा राग माझ्या मनात तसाच आहे. पत्र लिहू नकोस म्हणालीस, त्याचाही. तुझ्या वखारवाल्याचा तर आहेच. आणि माझा स्वतःचा आहे तो कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

परवा नोंदणीच्या कार्यालयात गेलो. कारकून तरुण होता. विचारलं, विक्री की बक्षीस? मी म्हटलं, दोन्ही नाही. तो म्हणाला, काका, यात तिसरं नाही. मी म्हटलं, मी बहिणीला बक्षीस देत नाहीये, जे तिचं आहे ते तिला मिळतंय, तसं काही लिहिता येतं का बघा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रांगेकडे. म्हणाला, तुमच्या मनात काय लिहायचं ते मनात लिहा, इथे बक्षीसच लिहावं लागेल. रांगेतला एकजण म्हणाला, अहो फुकट देताय तर शब्दावरून कशाला अडता? त्याच्यावर मी ओरडलो. देवाचं नाव घेऊन निघालो होतो तरी ओरडलो.

शेवटी त्याने बक्षीस लिहिलं. तो शब्द माझा नाही, हे तुला माहीत असावं. खाली मी सही केली, अंगठा दिला, आणि तुझ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे. कागद सोबत पाठवतोय. त्या जमिनीवर काय लावायचं, कुणाला लावायला द्यायचं, की झाडांसकट सगळं मोडून टाकायचं, ते आता तुझ्या हातात आहे. यंदा तिथे मी काही लावलेलं नाही.

दादा